पूर्णगड ते आंबोळगड, एकटीने सात रात्री : एका कॅम्पिंगच्या प्लॅनिंगचं प्रकरण

जिची ही गोष्ट आहे तिच्या परवानगीने लिहितोय. नाव, गाव, नोकरी सगळं काढून टाकलंय, इथं तिला नुसतं ताई म्हणू. मुक्कामाच्या नेमक्या जागाही मुद्दाम देत नाही, कारण त्या कुणाच्या तरी खासगी जमिनी आहेत आणि तिथल्या लोकांनी एका माणसाला हो म्हटलं होतं, सगळ्या जगाला नाही. मी रत्नागिरीत असतो, तिच्या प्लॅनिंगमध्ये सुरुवातीपासून होतो आणि त्या आठवड्यात तिचा घरचा संपर्क म्हणून फोनजवळ बसणारा माणूसही मीच होतो.

पार्श्वभूमी

ताई चाळिशीच्या जवळ आलेली, घाटावरची, सह्याद्रीतले किल्ले भरपूर फिरलेली पण कायम ग्रुपबरोबर. तिला एक आठवडा एकटीने, तंबूत, समुद्राजवळ राहायचं होतं आणि होमस्टे नको, रिसॉर्ट नको, शक्यतो माणूसच नको असं तिचं म्हणणं. त्याआधी वर्षभर तिने स्कॉटलंडमधल्या एकट्याने कॅम्पिंग करणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले होते आणि तिची पूर्ण पद्धत तिथून आलेली, म्हणजे संध्याकाळी उशिरा जागेवर पोचायचं, हिरवा बुटका तंबू लावायचा, लाइट लावायचा नाही, उजाडायच्या आत उठून निघायचं, कुणाला दिसायचं नाही.

ही पद्धत तिकडे चालते कारण तिकडे 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने लोकांना मोकळ्या जमिनीवर जायचा, राहायचा हक्क दिलाय, तिथं लपणं म्हणजे निव्वळ शिष्टाचार आहे. आपल्याकडे असा हक्क नाही. किनाऱ्यावरची सुरूची बनं बहुतेक सरकारी लागवडीतली, सडे, म्हणजे वरची जांभ्या खडकाची उघडी पठारं, खासगी आणि त्यांच्या सातबारावर पंधरावीस सामाईक नावं, त्यातली निम्मी मुंबईला, बागा राखणीतल्या आणि राहिलेला तुकडा देवरहाटीचा, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानाचा. कोकणच्या किनाऱ्यावर कुणाचीच नाही अशी जमीन मला तरी माहीत नाही, आणि जी ओसाड दिसते तिच्यावर तर जास्तच लोकांचं लक्ष असतं.

अडचण नेमकी कुठं होती

पहिल्या भेटीत तिने यादी आणली होती, तंबू, स्लीपिंग बॅग, पॉवर बँक, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, आणि सामानात तसं काही कमी नव्हतं. अडचण होती ती लपण्यात.

2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारपट्टीची सुरक्षा किती कडक झाली ते इथल्या प्रत्येक मच्छीमाराला माहीत आहे, गावोगावी सागर सुरक्षा दलाची पोरं आहेत, अनोळखी बोट किंवा रात्री किनाऱ्यावर हलणारा लाइट दिसला की फोन जातो. त्यात 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला रिकामी बोट लागली आणि तिच्यात एके-47 सापडल्या, नंतर घातपात वगैरे काही नव्हतं हे कळलं पण लोकांच्या डोक्यातून ती बोट गेली नाही. अशा किनाऱ्यावर कुणी अंधारात येऊन हिरव्या तंबूत लाइट न लावता पडून राहिलं तर तो माणूस बिनत्रासाचा पाहुणा ठरत नाही, संशयित ठरतो, आणि ती एकटी बाई असेल तर लोकांना संशयाच्या बरोबरीने काळजीही वाटते आणि मग रात्री अकराला दहा माणसं बॅटऱ्या घेऊन बघायला येतात.

म्हणून ठरवायचा मुद्दा असा होता की लपून एकांत मिळवायचा का सांगून मिळवायचा. ताईला सुरुवातीला हे पटलं नाही, सगळ्या गावाला सांगून गेलं तर ते एकटं राहणं कसलं, असं ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं मला समजत होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार तिळारी-दोडामार्गचा होता. जंगल दाट, माणूस कमी, पण तिथं रानटी हत्तींचा वावर आहे आणि दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून माकडताप आहे जो गोचिडीतून पसरतो, त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका कॅम्पिंगचा काळ. जमिनीवर झोपणाऱ्या एकट्या माणसासाठी ते बाद केलं.

दुसरा पर्याय उत्तर रत्नागिरीचा, वेळास-केळशी-आंजर्ले पट्टा, सुंदर आहे पण कासवांच्या दिवसांत तिथं पर्यटक खूप.

तिसरा, जो शेवटी घेतला तो पूर्णगडच्या खाडीपासून दक्षिणेला गावखडी, कशेळी, आडिवरे, वेत्ये करत आंबोळगडपर्यंत. अंतर फार नाही, पण मुद्दा अंतर कापायचा नव्हताच. रोज थोडंच चालायचं आणि दुपारनंतर एका जागी बसायचं. खाली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, वर जांभ्याचा उघडा सडा, मध्ये घळीत वाड्या. एका टोकाला पूर्णगड आणि दुसऱ्या टोकाला नाटे अशी दोन्हीकडे सागरी पोलीस ठाणी, आणि उत्तरेकडून पावसवरून रत्नागिरीला पोचता येतं. निर्जन वाटतं पण मदत आवाक्यात आहे, पहिल्यांदा एकटं जाणाऱ्याला असाच भाग हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

तारीख

यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवावाच.

किनाऱ्याने चालायचं तर खडपांच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या पायथ्याने जावं लागतं आणि भरतीला तिथं वाट राहत नाही. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. एकादशीला सव्वाआठ, ओहोटी सव्वादोन. हा अंदाज आहे, मुंबईपेक्षा रत्नागिरीला भरती थोडी आधी लागते त्यामुळे तक्ता बघायचाच, पण आठवडा कुठला घ्यायचा हे ठरवायला पाऊणपट पुरते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त वर चढतं, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं. म्हणून शुद्ध पंचमी ते द्वादशी असा आठवडा धरला, भांगाचे दिवस, ओहोटी दिवसाउजेडी आणि संध्याकाळी चंद्रही वर.

महिना कुठला हा पुढचा प्रश्न. पौषातली शुद्ध पंचमी वर्षअखेरीच्या गर्दीजवळ येत होती. माघातली घेतली तर मध्येच रथसप्तमी, आणि कशेळीच्या कनकादित्याचा उत्सव रथसप्तमीलाच. म्हणजे एकांत शोधायला निघालेली बाई तिसऱ्या दिवशी बरोबर जत्रेत. ताईचं म्हणणं होतं की त्या दिवशी गावाला वळसा घालून सड्याने पुढं जाते. मी म्हटलं उलट कर, ती रात्र गावातच काढ, दर्शन घे, चार लोकांशी बोल, पुढच्या वाड्यांतली माणसंही उत्सवाला आलेली असतात. ती नाखुशीनेच हो म्हणाली.

पाणी, जागा, सामान

माघात सड्यावर पाणी नसतं. पऱ्हे, म्हणजे लहान ओढे, आटलेले असतात. दिवसाला चार-पाच लिटर धरले तर सात दिवसांचं पाणी पाठीवर घेणं अशक्य, त्यामुळे प्रत्येक मुक्काम विहिरीच्या हिशोबाने ठरवला. किनाऱ्याला लागून असलेल्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि गोळ्या टाका, उकळा, फिल्टर लावा, खारटपणा जात नाही, हे घाटावरच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. विहीर कुणाचीही असो, विचारल्याशिवाय कळशी सोडायची नाही हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

पुळणीवर तंबू ही तिची मुख्य इच्छा होती, पण माघ म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालायच्या दिवसांतला महिना, माद्या रात्री वर येतात, प्रकाश आणि हालचाल दिसली की अंडी न घालता परतही जातात. गावखडी आणि वेत्ये दोन्हीकडे कासवं येतात. त्यामुळे या दोन्ही किनाऱ्यांवर पुळणीत झोपायचं नाही असं ठरलं, कासवमित्रांना आधी भेटायचं आणि ते सांगतील तिथं मागं राहायचं. माडाखाली तंबू नको हेही, नारळ आणि झावळ दोन्ही पडतात.

सड्यावर वेगळेच प्रश्न. जांभ्यात तंबूचे खुंटे जात नाहीत. सगळे सांगतात की चिरे ठेवून दोऱ्या बांधा, पण सुटा चिरा उचलायचा म्हणजे त्याच्याखाली हात घालायचा आणि या सड्यांवर दगडाखाली फुरसं किंवा विंचू असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून चार रिकाम्या पिशव्या घेतल्या आणि वर चढताना पुळणीवरची वाळू भरून न्यायची, सकाळी परत खाली येऊन ओतायची. वजन वाढलं, पण एकट्या माणसाने रात्री दगड उचलण्यापेक्षा ते बरं. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं भलं मोठं कातळशिल्प आहे, कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नोंद 2022 मध्ये युनेस्कोच्या प्राथमिक यादीत झाली त्यांतलं ते एक, तर तिथं आसपास चूल, तंबू काहीही नाही. आणि अंधारात सड्यावर भटकायचं नाही, जुन्या चिरेखाणी उघड्या पडलेल्या असतात, कठडा नसतो, पाय गेला तर सरळ खाली.

चूल नाहीच, लहान गॅस. माघात गवत वाळलेलं, आंब्याच्या कलमांना मोहोर, एक ठिणगी गेली तर बागायतदाराचं वर्ष जातं. खायला भात-मेतकूट, पोहे, नाचणीचं पीठ आणि कुळथाची पिठी, जी पटकन शिजते आणि गॅस वाचवते.

सर्पदंश-विंचूदंशासाठी प्रत्येक मुक्कामापासून सगळ्यात जवळचं सरकारी आरोग्य केंद्र कुठलं, तिथं सापाची लस आणि विंचवासाठी प्राझोसिन आहे का, आणि रात्री गाडी कोण काढेल त्याचा नंबर, हे तीन रकाने आम्ही भरले. लाल विंचवावर प्राझोसिन वापरायचं काम महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलं, कोकणातल्या किती पोरांचे जीव त्याने वाचले असतील, तेव्हा ते औषध जवळच्या केंद्रात आहे ना एवढं विचारायला लाजायचं कशाला. चावल्यावर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हलायचं कमी, फोन आणि गाडी. 108 पाठ, समुद्रासाठी तटरक्षक दलाचा 1554 पाठ.

एका मित्राने परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर आणून द्यायची तयारी दाखवली होती. नाही म्हणून सांगितलं. परवानगीशिवाय असली उपकरणं बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि किनारपट्टीवर ते सापडलं तर पुढचा आठवडा चौकीत. त्याऐवजी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, आणि रेंज अर्धी असली तरी जातो म्हणून सकाळ-संध्याकाळ साधा एसएमएस. एक मेसेज चुकला तर थांबायचं, लागोपाठ दोन चुकले की त्या गावच्या पोलीस पाटलांना फोन, असा नियम लिहून ठेवला.

निघायच्या आधी ताईने दोन्ही टोकांच्या ठाण्यांत आधारची झेरॉक्स आणि मुक्कामांचा कागद दिला. लेखी परवानगी मिळाली नाही, मिळेल अशी अपेक्षाही नव्हती, पण वहीत नोंद झाली. गावागावांत सरपंच किंवा पोलीस पाटलांना फोन झाले.

प्रत्यक्षात काय घडलं

पहिल्या दोन रात्री कागदावर होत्या तशाच गेल्या. फक्त दव, म्हणजे घाटावरच्या माणसाला कल्पना नसते इतकं दव, तंबू आतून-बाहेरून ओला. दुसऱ्या रात्री तिने तंबूचं तोंड जमिनीच्या बाजूला केलं, रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आत हवा खेळली आणि बरंच कमी झालं.

तिसरी रात्र कशेळीत, उत्सवात. एका घराच्या पडवीत जागा मिळाली, घरातल्या आजींनी काय गो बाय, एकटीच फिरतेस, घरी माहिताय ना, असं विचारून आधी जेवायला वाढलं. देवळात बरेच लोक तिच्याशी बोलले.

चौथ्या दिवशी, अष्टमीला, ती सड्यावरच्या ठरलेल्या जागी साडेचारला पोचली. जागा उत्तम, समुद्र दिसतोय, दोन्ही सिमांना फुल रेंज. वाळूच्या पिशव्या लावून झाल्या आणि गुरं परत नेणारे एक काका थांबले, त्यांनी तिला आदल्या रात्री देवळात बघितलं होतं. ताई इथं नको, ते म्हणाले, रात्री शिकारीला येतात, बार काढतात, चंद्र मावळला की येतात. रानडुकरांची शिकार बेकायदेशीर आहे आणि तरीही चालते हे सड्याखाली राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त बाहेरच्या माणसाला कुणी आपणहून सांगत नाही. झुडपांत फासक्याही लावलेल्या असतात. गवताच्या रंगाचा बुटका तंबू, आत लाइट नाही, बाहेर बॅटरीच्या झोतात काहीतरी हललं की चाप ओढणारी माणसं. पुढचं लिहायची गरज नाही.

तिने तंबू उतरवला आणि काकांच्या मागोमाग घळीतल्या वाडीत गेली, त्यांच्याच पडवीत झोपली. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. एकच्या पुढं वरून दोन बार ऐकू आले.

पण घळीत रेंज नव्हती आणि संध्याकाळचा एसएमएस राहिला होता.

माझ्याकडची ती रात्र

सातचा मेसेज आला नाही. आठ, नऊ. नियम सांगत होता थांब. ज्या जागी सगळ्यात चांगली रेंज मिळणार हे आम्ही स्वतः तपासलं होतं तिथूनच मेसेज नाही, ही गोष्ट मला खात होती, कारण तिथं रेंज नाही हे कारण लागूच होत नव्हतं. पोलीस पाटलांचा नंबर समोर होता. फोन केला असता तर चारपाच माणसं बॅटऱ्या घेऊन सड्यावर गेली असती, त्याच सड्यावर, त्याच रात्री. शिकारीचं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी थांबलो ते नियम लिहिलेला होता म्हणून आणि तो आम्ही दोघांनी शांत डोक्याने लिहिला होता म्हणून. सकाळी पावणेआठला ती वर चढून आली आणि मेसेज केला.

पुढचे दिवस आणि निष्पत्ती

पुढच्या तीन रात्री तंबूतच झाल्या. सहाव्या मुक्कामाची विहीर मचूळ निघाली, आम्ही फोनवर विचारलं तेव्हा पाणी आहे असं उत्तर आलं होतं आणि ते खरंच होतं, पिण्याचं आहे का हे विचारलं नव्हतं. ती संध्याकाळी पाऊण तास चालून वाडीतून पाणी घेऊन आली. द्वादशीला आंबोळगडला संपवलं आणि एसटीने राजापूर गाठलं.

सात रात्रींपैकी पाच तंबूत, दोन पडवीत. मी विचारलं की मग एकटं राहायला मिळालं का. ती म्हणाली हो, शेवटचे तीन दिवस कुणी आलंही नाही बघायला, कारण सगळ्यांना माहीत होतं मी कुठं आहे. आधी ज्या गोष्टीने एकांत मोडेल असं तिला वाटत होतं तिनेच तो राखला, आणि ते काका थांबले तेही तिला देवळात बघितलं म्हणून. वळसा घालून गेली असती तर त्यांच्या दृष्टीने ती कुणीच नव्हती.

वेगळं काय करता येईल

प्रत्येक रात्रीसाठी एकच जागा होती. पर्यायी जागा आणि तिथं रेंज आहे का, हे दोन्ही कागदावर हवं, म्हणजे मुक्काम हलला तरी घरच्या माणसाला अंदाज राहतो.

जागा हलवायची वेळ आली तर निघायच्या आधी, आहे तिथूनच, दोन शब्दांचा मेसेज. ताईला सड्यावर रेंज होती पण उजेड जात होता, काका पुढं निघाले होते, घाई झाली, त्या परिस्थितीत कुणालाही होईल. म्हणून हे डोक्यात नको, तंबू गुंडाळायच्या कृतीतच हवं, पहिला खुंटा काढायच्या आधी मेसेज.

वाडीत मोबाइलला रेंज नसली तरी आता बऱ्याच घरांत वायफाय असतं. त्या रात्री शेजारच्याच घरात होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. पोचल्या पोचल्या विचारायचा प्रश्न आहे तो, पाण्याच्या बरोबरीने.

शिकारीबद्दल फोनवर सरपंचांना विचारून कुणी सांगणार नाही. गुराखी, बागेचे राखणदार, बाया ज्या लाकडाला वर जातात, यांना उजेडी समोरासमोर विचारायचं, इथं रात्री कोण येतं का. त्यासाठी मुक्कामाला चारच्या आत पोचायला हवं, उशिरा पोचायची सवय सोडायलाच हवी. आणि तंबू हिरवा नको, केशरी किंवा पिवळा, लांबून दिसेल असा, बाहेर एक मंद दिवा, किनाऱ्यावर कासवं असतील तिथं मात्र दिवा नाही आणि तंबूही मागं.

दोन मेसेज चुकल्यावर पोलीस पाटील, या नियमावर आमचं अजून एकमत नाही. ताईच्या मते एकट्या माणसाला साप चावला असेल तर रात्रभर थांबणं म्हणजे फार झालं. मला वाटतं रात्री शोधायला माणसं पाठवायची तर ती सड्यावर न चढता आधी वाडीवाडीत विचारत गेली पाहिजेत आणि हे पोलीस पाटलांशी आधीच बोलून ठेवलं पाहिजे. सध्या कागदावर असं आहे की पहिला मेसेज चुकला की तासाभराने पर्यायी जागेजवळच्या एका घरी फोन, तेवढाच, आणि त्या घराचा नंबर तिने निघायच्या आधी स्वतः जाऊन घ्यायचा. पुढच्या माघाची तिची तयारी चालू आहे, जैतापूरच्या खाडीच्या पलीकडे माडबनकडून, आणि त्या भागातल्या घरांच्या यादीत आत्तापर्यंत दोन नंबर आलेत.